कृत्रिम पाय आणि मेडिकेअरची वसुली

मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी विमा योजना ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी आणि काही अपंगांसाठी आहे. कृत्रिम पायाच्या मान्य खर्चातले साधारण ८० टक्के ती उचलते. ऑगस्ट २०११ मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी या खर्चावर अहवाल दिला. २००५ ते २००९ या काळात कृत्रिम पायांवरचा खर्च ५१.७ कोटी डॉलरवरून ६५.५ कोटींवर गेला, लाभार्थी मात्र सुमारे ७६ हजारांवरून ७४ हजारांवर आले. त्यानंतर जुन्या बिलांच्या फेरतपासणीचा आणि वसुलीचा सपाटा सुरू झाला. सरकारी पैशाचा हिशेब तपासला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो तपासणीच्या रीतीबद्दल.

या रीतीच्या समर्थकांचा पहिला मुद्दा असा, की रुग्ण घटले आणि खर्च वाढला, त्या अर्थी लबाडी झाली. अहवालात संशयाला जागा होती, हे खरे. पाय लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे रुग्ण पाच वर्षांत गेल्याची नोंदच नाही, अशा दाव्यांवर ६.१ कोटी डॉलर गेले होते. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. याच काळात मायक्रोप्रोसेसर असलेले गुडघे वापरात रुळत होते. पाऊल अडखळले की असा गुडघा स्वतःच आवळतो आणि पडणे टळते. तो साध्या गुडघ्यापेक्षा कितीतरी महाग असतो. सरासरी खर्च वाढण्यामागे हे कारणही असू शकते. नुसत्या बेरजेवरून दोन्हींतला फरक कळत नाही.

दुसरा मुद्दा नोंदींचा. कृत्रिम पाय बनवणाऱ्या प्रोस्थेटिस्टला त्यातून पैसे मिळतात, म्हणून त्याच्या नोंदी पुरावा मानू नयेत, असे म्हटले जाई. हा नियम सर्वांना लावला, तर शस्त्रक्रियेचे पैसे घेणाऱ्या सर्जनची टिपणेही बाद करावी लागतील. रुग्णाच्या हालचालीची क्षमता मेडिकेअर के-० ते के-४ अशा पायऱ्यांनी ठरवते. वेग बदलत घराबाहेर वावरू शकणारा रुग्ण के-३ मध्ये मोडतो. पण पाय गमावलेला मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरकडे जातो तो साखर आणि रक्तदाब दाखवायला. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. उरलेल्या पायाचा घेर किती उतरला, सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण) सैल झाल्याने किती मोजे चढवावे लागतात, कातडी कुठे सोलली, जिना चढता येतो की नाही, हे पाहतो आणि लिहितो प्रोस्थेटिस्ट. नेमकी हीच वही बाजूला ठेवून ‘गरज सिद्ध होत नाही’ असा शेरा मारणे म्हणजे साक्षीदाराला बाहेर बसवून निकाल देणे होय.

तिसरा मुद्दा असा, की नुकसान झालेच तर पुरवठादाराचे होते, रुग्णाचे नाही. आणि निर्दोष माणसाला अपिलाची वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात पाय बनवून, बसवून झाल्यावर काही वर्षांनी पैसे परत मागितले जात. मोजून घडवलेले सॉकेट दुसऱ्याच्या उपयोगाचे नसते. वसुली करणाऱ्या कंत्राटदारांना मोबदला वसुलीच्या टक्केवारीवर मिळे. अपिलात हरल्यास तो परत करावा लागे, हे खरे. पण अपिलच लांबले. अपिलाच्या तिसऱ्या पायरीवर न्यायाधीशाने ९० दिवसांत निकाल द्यावा, असा कायदा असताना पुढे चार लाखांहून अधिक अपिले तुंबली. दुसरी पायरी संपली, की निकालाची वाट न पाहता वसुली सुरू होऊ शकते. छोट्या कार्यशाळेला हा भार पेलत नाही. ती महाग पाय द्यायला कचरते किंवा कागद पुरे होईपर्यंत काम रोखते, आणि रुग्ण तेवढे दिवस व्हीलचेअरवर राहतो.

यावर उपाय आहेत आणि काही अमलातही आले आहेत. प्रोस्थेटिस्टच्या नोंदी वैद्यकीय नोंदींचा भाग मानाव्यात, असे फेब्रुवारी २०१८ च्या कायद्याने ठरले. डॉक्टरची चिठ्ठी कायम राहून तिला या नोंदींचा आधार मिळाला. २०२० मध्ये काही महागड्या भागांसाठी पूर्वमंजुरी सुरू झाली. पाय बनण्याआधीच हो किंवा नाही कळणे हे मागाहून वसुली करण्यापेक्षा दोन्ही बाजूंना सोयीचे आहे. अट एवढीच, की निर्णय झटपट हवा. सप्टेंबर २०२४ पासून के-२ पायरीवरच्या पात्र रुग्णांनाही मायक्रोप्रोसेसर गुडघ्याची वाट खुली झाली. पडण्याचा धोका असलेल्यांना हा गुडघा चैन नसून गरज असू शकते, याची ही सरकारी कबुलीच आहे.

दोन कामे मात्र व्हायला हवीत. कागदातली त्रुटी आणि लबाडी यांना वेगळी वागणूक हवी: पहिलीला दुरुस्तीची मुदत, दुसरीला शिक्षा. आणि कृत्रिम अवयवांचे पैसे पात्र व्यावसायिकांनाच द्यावेत, हा २००० सालच्या कायद्याचा आदेश पाळला गेला पाहिजे. त्यासाठीचा नियम जानेवारी २०१७ मध्ये प्रस्तावित झाला आणि त्याच वर्षी मागे घेतला गेला. अपात्र पुरवठादाराला दारातच अडवण्याचे हे साधन बाजूला ठेवून प्रामाणिक कार्यशाळांची जुनी बिले उकरणे याला काटकसर म्हणता येत नाही.