घराचा पत्ता आणि मुलांचे भवितव्य

अमेरिकेत बॉस्टन शहराच्या उपनगरांत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना सारखीच दोन घरे आढळतात. खोल्या तितक्याच, अंगण तितकेच, बाजारपेठही तीच. तरीही एका घराची किंमत दुसऱ्यापेक्षा अधिक असते, कारण दोन प्राथमिक शाळांच्या हद्दींना विभागणारी रेषा त्या रस्त्यावरून जाते. तेथे सरकारी शाळेतील प्रवेश घराच्या पत्त्यावरून ठरतो. घर घेणारा गृहस्थ भिंती आणि छपराबरोबर मुलांची शाळाही विकत घेत असतो. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९९९ साली अशा हद्दीलगतच्या घरांचे व्यवहार तपासले. शाळेतील मुलांचे गुण पाच टक्क्यांनी अधिक असले, तर तिच्या हद्दीतील घरासाठी पालक सुमारे अडीच टक्के अधिक किंमत मोजतात, असे त्यांना आढळले.

व्यापारी मनाला हा हिशेब चटकन उमगतो. पण त्याच्या पोटात दोन अवघड प्रश्न दडलेले आहेत. ही अधिक किंमत मोजून जे पदरात पडते ते खरोखर चांगल्या वस्तीचे आणि शाळेचे फळ असते, की सुस्थितीतील आईबापांची मुले कोठेही वाढली तरी पुढेच गेली असती? आणि ज्याला ही किंमत परवडत नाही, त्याच्या मुलाचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर नुसत्या निरीक्षणाने मिळत नाही. चांगल्या वस्तीत राहणारी कुटुंबे मुळातच वेगळी असतात. खरी परीक्षा करायची, तर सारख्या परिस्थितीतील कुटुंबांपैकी काहींना नव्या वस्तीत जाण्याची संधी द्यावी लागेल आणि ती कोणाला मिळावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागेल. अमेरिकन सरकारने नेमके हेच केले. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतील सरकारी गृहसंकुलांत राहणारी ४,६०४ गरीब कुटुंबे या प्रयोगात सामील झाली. सोडतीने त्यांचे तीन गट पडले. पहिल्या गटाला घरभाड्यासाठी साहाय्य मिळाले, परंतु दारिद्र्याचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असलेल्या वस्तीतच घर घेण्याची अट होती. दुसऱ्या गटाला हेच साहाय्य कोठेही वापरण्याची मुभा होती. तिसऱ्या गटाला नवे काही मिळाले नाही.

या कुटुंबांना घर का सोडावेसे वाटत होते? चांगल्या शाळेची ओढ अनेकांना होती, पण बहुतेकांनी सांगितलेले मुख्य कारण निराळे होते. टोळ्यांच्या मारामाऱ्या आणि अमली पदार्थांचा व्यापार यांपासून मुलांना दूर न्यायचे होते. आपल्या लेकराने अंगणात निर्धास्त खेळावे, एवढीच त्या आयांची अपेक्षा होती.

काही वर्षांनी मोजमाप झाले, तेव्हा जाणकारांच्या पदरी निराशा आली. स्थलांतरित कुटुंबांतील प्रौढांचे मानसिक आरोग्य सुधारले होते. अतिस्थूलता आणि मधुमेह यांचे प्रमाणही पुढे कमी आढळले. परंतु त्यांची कमाई वाढली नव्हती. मुलांच्या वाचनाच्या व गणिताच्या चाचण्यांतही उल्लेखनीय फरक दिसला नाही. वस्ती बदलली तरी पुष्कळ मुले त्याच शहराच्या शालेय व्यवस्थेत राहिली आणि त्यांच्या नव्या शाळा जुन्या शाळांपेक्षा थोड्याच बऱ्या होत्या, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. वस्तीचा मुलांच्या भवितव्यावर फारसा परिणाम होत नाही, असे मत मग बळावू लागले.

येथे राज चेट्टी या अर्थशास्त्रज्ञाचा प्रवेश होतो. १९७९ साली नवी दिल्लीत जन्मलेले चेट्टी नवव्या वर्षी आईवडिलांसह अमेरिकेत गेले. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि २०१३ साली अर्थशास्त्रातील मानाचे जॉन बेट्स क्लार्क पदक त्यांना मिळाले. नथॅनियल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या सहकाऱ्यांसह त्यांनी त्या जुन्या प्रयोगाची वही पुन्हा उघडली. सोडतीच्या वेळी लहान असलेली मुले आता विशी ओलांडून कमावती झाली होती. नावे गुप्त ठेवलेल्या प्राप्तिकराच्या नोंदींशी त्यांची सांगड घालून २०१६ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तेरा वर्षांच्या आत ज्यांचे कुटुंब कमी दारिद्र्याच्या वस्तीत गेले, त्या मुलांचे विशीच्या मध्यावरील वार्षिक उत्पन्न, सोडतीत नाव न निघालेल्या तशाच मुलांपेक्षा ३१ टक्क्यांनी अधिक होते. रकमेत सांगायचे तर वर्षाला सुमारे ३,५०० डॉलर. महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण वाढले होते आणि मोठेपणी ही मुले स्वतःही बऱ्या वस्तीत राहत होती. त्यांच्या वाढलेल्या कमाईवरील करातून साहाय्याचा खर्च सरकारला भरून निघू शकतो, असाही हिशेब संशोधकांनी मांडला.

मात्र याच वहीचे दुसरे पान तितकेच महत्त्वाचे आहे. ज्यांचे घर तेरा ते अठरा या वयात बदलले, त्यांना हा लाभ झाला नाही. उलट थोडे नुकसानच दिसले. या वयात रुळलेली शाळा सुटते, जिवाभावाचे सोबती दुरावतात आणि नव्या जागी मूळ धरायला वेळही उरत नाही, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. पहिल्या पाहण्यांत लहानमोठी मुले एकत्र मोजली गेली होती आणि लहानांची कमाई सुरू व्हायची होती, म्हणून हा फरक इतकी वर्षे झाकलेला राहिला.

तरीही शंका उरते. हा निष्कर्ष पाच शहरांतील काही हजार कुटुंबांपुरताच असेल तर? चेट्टी आणि हेंड्रेन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात गाव बदललेल्या सत्तर लाखांहून अधिक कुटुंबांच्या नोंदी तपासल्या. एकाच घरातील दोन भावंडांची तुलना त्यात विशेष बोलकी ठरली. आईबाप तेच, संस्कार तेच, घरची सांपत्तिक स्थितीही तीच. पण स्थलांतराच्या वेळी जे भावंड लहान होते, त्याला चांगल्या गावाची अधिक वर्षे मिळाली आणि त्याच प्रमाणात त्याचा लाभही अधिक झाला. नव्या गावातील मुलांशी असलेले अंतर दर वर्षी सुमारे चार टक्क्यांनी भरून निघत होते. मुद्दल लवकर गुंतवले की व्याज अधिक काळ मिळते, त्यातलाच हा प्रकार.

वस्ती मुलाला नेमके देते तरी काय? ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मराठी माणसाने कधीचीच ऐकलेली आहे. २०२२ साली चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला जणू आकड्यांची जोड दिली. फेसबुकवरील सुमारे ७ कोटी अमेरिकनांच्या मैत्रीचे जाळे त्यांनी अभ्यासले. गरीब घरातील मूल पुढे किती वर येते, याच्याशी त्या ठिकाणच्या गरीब-श्रीमंतांमधील मैत्रीचे प्रमाण सर्वाधिक जुळत होते. सुस्थितीतील मुलांना जितके संपन्न मित्र असतात तितके मित्र मिळतील अशा ठिकाणी गरीब मुले वाढली, तर मोठेपणी त्यांचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा अंदाज आहे. परंतु नुसते शेजारी राहणे पुरेसे नसते. गरीब-श्रीमंतांतील दुराव्याचे सुमारे अर्धे कारण ते एका ठिकाणी येतच नाहीत हे आहे. उरलेले अर्धे, एका ठिकाणी येऊनही ते आपापल्या बरोबरीच्यांशीच मैत्री करतात हे आहे.

मग शाळेचे महत्त्व कमी झाले काय? तसे नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात जेफ्री कॅनडा यांच्या संस्थेने शाळा चालवल्या आणि भोवतालच्या वस्तीसाठी पालकवर्ग, आरोग्यसेवा असे अनेक उपक्रमही उभे केले. विल डॉबी आणि रोलँड फ्रायर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली त्या शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रवेश तेथेही सोडतीने होत असे. माध्यमिक वर्गांतील कृष्णवर्णीय मुलांनी गणितात गौरवर्णीय मुलांशी असलेले अंतर भरून काढले होते. विशेष म्हणजे त्या वस्तीबाहेरून येणाऱ्या मुलांनाही तितकाच लाभ झाला होता. म्हणजे वस्ती न बदलताही उत्तम शाळा मुलांच्या गुणांत मोठा पालट घडवू शकते, तर चांगली वस्ती गुणपत्रिकेत न उमटताही आयुष्याला वळण देऊ शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे न परवडणाऱ्यांचे, उत्तर सिॲटल शहराने शोधून पाहिले. भाडे-साहाय्य मिळूनही गरीब कुटुंबे जुन्याच वस्त्यांत का राहतात, हे तेथे २०१८ पासून तपासले गेले. काही कुटुंबांना घर शोधण्यासाठी मार्गदर्शक देण्यात आले, घरमालकांशी बोलणी करून दिली गेली, अनामतीसारख्या खर्चाला थोडी मदत झाली. एरवी १५ टक्के कुटुंबे चांगल्या संधीच्या वस्तीत जात होती. या मदतीनंतर ते प्रमाण ५३ टक्क्यांवर गेले. इच्छा त्यांना आधीपासूनच होती. वाट दाखवणारा कोणी नव्हता.

या संशोधनाचा अर्थ महागडा पत्ता म्हणजे उज्ज्वल भवितव्य असा काढणे चुकीचे ठरेल. त्या प्रयोगातील कुटुंबे घोर दारिद्र्य आणि हिंसा यांतून बाहेर पडत होती. सुखवस्तू घराने एका उपनगरातून दुसऱ्या उपनगरात जाणे ही गोष्ट निराळी. चेट्टी यांनी पुढे अमेरिकेतील वस्तीवस्तीचा नकाशा तयार केला, तेव्हा मुलांना उत्तम घडवणाऱ्या कित्येक वस्त्या भाड्याने स्वस्तही आढळल्या. म्हणून मुलांसाठी गाव किंवा घर बदलण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने भावाबरोबर मुलांचे वयही पाहावे. निर्णय घ्यायचाच असेल तर तो दहावीच्या उंबरठ्यावर नव्हे, मुले लहान असतानाच घ्यावा. आणि ज्याला जागा बदलायची नाही, त्याच्यासाठीही काम उरतेच. दुकानात काम करणाऱ्याचा मुलगा आणि मालकाचा मुलगा संध्याकाळी एकाच मैदानावर खेळतात की नाही, एकमेकांच्या घरी त्यांचे येणे-जाणे आहे की नाही, हे पाहायला पैसा लागत नाही. त्या मैत्रीने एका मुलाची वाट मोकळी होते आणि दुसऱ्याला आपल्या उंबऱ्यापलीकडचे जग कळते.