जुन्या मशिदीची मराठी शिदोरी

मशीद बंदर स्थानकावर नित्य उतरणाऱ्या सहस्रावधी मुंबईकरांपैकी किती जणांस त्या नावाचे मूळ ठाऊक असेल? ही 'मशीद' मुसलमानांची नव्हे. सॅम्युएल स्ट्रीटवरील बेने इस्रायल समाजाच्या प्रार्थनामंदिरावरून हे नाव पडले, असे परंपरेने मानले जाते. टिपूच्या कैदेतून सुटून आलेले पलटणीतील अंमलदार सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली ते बांधिले. कोकणातून आलेल्या या यहुद्यांस आपल्या देवालयाला 'मशीद' म्हणण्यात काही वावगे वाटले नाही. कारण त्यांची बोली मराठी होती आणि शेजाऱ्यांचा शब्द तोच त्यांचा शब्द होता.

आज या समाजापुढील प्रश्न धनाचा नाही, माणसांचा आहे. यहुदी धर्माच्या रूढ नियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष उपस्थित असावे लागतात. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आता साऱ्या भारतात चार-पाच हजारांवर आला आहे, आणि त्यातील बहुतेक मुंबई-ठाण्यात आहेत. त्यांस येथून कोणी हाकलून लाविले नाही. इस्रायलच्या स्थापनेनंतर ते आपखुशीने, आणि बहुधा डोळे पुसत, गेले. २००८ साली नरिमन हाऊसवर जो घाला पडला, तो परक्यांनी घातलेला होता. या शहराने या समाजाला कधी दुखविले नाही, हे अभिमानाने सांगता येते.

परंतु न दुखविणे निराळे आणि ओळखणे निराळे. ई. मोझेस मार्गावरून जाणाऱ्यास ते १९३७ साली या नगरीचे महापौर झाले होते, हे कोण सांगतो? डॉ. जेरुशा झिराड यांनी कामा रुग्णालयात किती मातांची सेवा केली! हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५ साली आपल्या मुलांसाठी काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने नांदू लागली. आज तेथे शिकणारी मुले बहुतांशी अन्य धर्मीयांची आहेत. ससून घराण्याच्या देणग्यांविषयी आम्ही येथे लिहीत नाही. बगदादहून आलेल्या त्या श्रीमंतांची नावे दगडावर कोरलेली आहेत व ती वाचता येतात. काळा घोड्याजवळील त्यांचे १८८४ चे निळे प्रार्थनामंदिर २०१९ साली पुन्हा सजविले गेले, हेही उत्तम झाले.

आमची चिंता दगडाची नाही, कागदाची आहे. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापला गेला. योसेफ, मोशे यांची आख्याने या लोकांनी कीर्तनाच्या ठाशीव महाराष्ट्रीय साच्यात बसविली. परदेशी गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले. २०२४ साली मराठीस अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले. त्या अभिजाततेत हे वाङ्मय येते की नाही? आपल्या वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती मराठीला मानाचे पान मिळाले, ते योग्यच. यहुदी मराठीला मात्र तळटीपेचीही वानवा पडते.

राज्य शासनाने २०१६ साली या समाजास अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. दाखला मिळाला, पण दाखल्याने पोथी वाचत नाही. वृद्ध दांपत्य मुलांकडे जावयास निघते, घर विकले जाते, आणि कपाटातील जुनी बाडे रद्दीच्या तराजूत पडतात, हे कोणत्याही समाजात घडते. येथे मात्र ती बाडे वाचणारी घरेच मूठभर उरली आहेत. म्हणून मुंबई विद्यापीठाचा मराठी विभाग आणि शहरातील ग्रंथसंग्रहालये यांनी या समाजाच्या विश्वस्तांकडे स्वतः जावे, पुस्तके व हस्तलिखिते यांची यादी करावी, त्यांच्या छायाप्रती काढाव्या आणि ती कीर्तने ज्यांच्या ओठांवर अजून आहेत, त्यांचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावा. मूळ वस्तू अर्थातच त्या समाजाच्याच मालकीच्या राहाव्यात. या कामास कोट्यवधींचा निधी नको. दोन-चार जाणते विद्यार्थी, एक वर्ष आणि थोडी विनयशीलता पुरे. येत्या सत्रापासूनच ते सुरू व्हावे.