आठवीतलं पोर आणि एअर विंग

9 जून 2025 ला सोलापूरहून गोव्याचं विमान उडालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईचंही सुरू झालं. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली गेली, तेव्हा सोलापूर दोन तटांत उभं होतं. ऊसवाल्यांचं दुःख खरं होतं आणि विमान हवं म्हणणाऱ्यांची तळमळही खरी होती. मुलांना त्या वादाशी देणंघेणं नव्हतं. आता होटगी रस्त्यावरच्या विमानतळालगतच्या गच्च्यांवरून ती वर बघतात आणि विमान कुणाचं, कुठं चाललंय हे आपल्याला सांगतात. इतकी वर्षं होटगी म्हणजे जंक्शन, विजयपूर-गदगकडे फुटणारा रूळ. इथल्या मुलांना रेल्वेचा ड्रायव्हर माहीत होता. वैमानिकही आपल्यासारख्याच घरातला असू शकतो, हे आता कळू लागलंय.

तेव्हापासून आठवी-नववीतल्या मुलांचे आईवडील मला एकच प्रश्न विचारतात. 'पोराला एनसीसीच्या एअर विंगला घातलं तर पायलट होईल का?' माझी मुलगी एनसीसीत होती, म्हणून ते मला विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: पोराला एनसीसीत जरूर घाला, पण पायलट करायला म्हणून घालू नका.

एनसीसी ही 1948 च्या कायद्याने उभी राहिलेली सरकारी संघटना आहे. तिची वायुदल शाखा, म्हणजेच एअर विंग, 1950 पासून आहे. प्रवेश शाळेतून किंवा महाविद्यालयातून होतो. शाळेत साधारण आठवी-नववीत नाव घालतात आणि दोन वर्षांनी 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा असते. महाविद्यालयात तीन वर्षं असतात, त्यात 'बी' आणि 'सी'. सैन्यात जायची सक्ती नसते. आजीला हे आधी सांगा, कारण घरातला निम्मा विरोध तिथूनच येतो. परेड, शिबिरं, नेमबाजी, विमानांच्या प्रतिकृती बनवणं, उड्डाणाची मूलतत्त्वं असं सगळं शिकवतात. दोन आसनांचं, ऐंशी अश्वशक्तीचं 'व्हायरस' नावाचं मायक्रोलाइट विमान एनसीसीकडे आहे. पण त्यात बसायला मिळणं ही नशिबाची आणि तुकडीच्या सोयीची गोष्ट आहे. ती मुख्यतः महाविद्यालयीन कॅडेट्सच्या वाट्याला येते. तेरा वर्षांच्या मुलाला उड्डाणाचं वचन देऊन आत पाठवाल, तर पहिल्याच वर्षी तो हिरमुसून बाहेर पडेल.

महाराष्ट्रात वायुदल शाखेची पथकं मुंबई, नागपूर आणि पुण्याला आहेत. सोलापुरात एनसीसी म्हटलं की डोळ्यापुढे येतात त्या भूदलाच्या बटालियन, 9 महाराष्ट्र आणि 38 महाराष्ट्र. म्हणून शाळेत पहिला प्रश्न हा विचारा: तुमची तुकडी कोणत्या शाखेची आहे? वायुदलात एनसीसीच्या विशेष प्रवेशाने, लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळापुढे जायचं तर वायुदल शाखेचंच 'सी' प्रमाणपत्र लागतं, भूदलाचं चालत नाही. पण भूदल शाखा मिळाली म्हणून नाक मुरडू नका. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, म्हणजे एनडीएला, एनसीसीची अटच नाही. आठवीतल्या मुलाला पहाटे उठणं, बूट चमकवणं, दहा दिवस अनोळखी मुलांबरोबर तंबूत राहणं हे दोन्हीकडे सारखंच शिकायला मिळतं. माझ्या मते या वयात तेच जास्त मोलाचं आहे.

आता जे मनापासून सांगायचं आहे ते. ऑगस्ट 2024 मध्ये तामिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात एका खासगी शाळेत 'एनसीसी शिबिर' भरलं. मुली राहायला गेल्या आणि त्यांच्यावर अत्याचार झाले. ते शिबिर एनसीसीचं नव्हतंच, हे नंतर कळलं. त्याआधी, 2023 च्या ऑगस्टमध्ये, ठाण्यातल्या एका महाविद्यालयातली चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. कॅडेट्स पावसाच्या चिखलपाण्यात डोकं टेकवून ओणवे आणि सीनियर कॅडेट त्यांच्यावर काठी चालवतोय. शिस्त आणि छळ यांत फरक आहे. तो तुमच्या मुलाला माहीत असायला हवा आणि तो घरात सांगितला जायला हवा. 'सर म्हणाले की गप्प बसायचं' असं पोर म्हणालं तर तिथेच थांबा.

शिबिराच्या संमतिपत्रावर सही करताना घाई करू नका. शिबिर कोणत्या बटालियनचं आहे, पत्रावर युनिटचं नाव आहे का, बरोबर कोणते एनसीसीचे शिक्षक जाणार, मुली असतील तर बाई कोण, हे सगळं विचारा. शंका आली तर बटालियनच्या कार्यालयात जाऊन खात्री करा. सोलापुरात ते अवघड नाही. आणि शाळेने 'एवढं काय विचारता' म्हटलं, तर उलट आणखी विचारा. एनसीसीच्या खऱ्या शिबिरात राहण्या-जेवणाचा खर्च सरकार करतं. कुणी मोठी रक्कम मागितली, तर तिथेच सावध व्हा.

पैशांवरून आणखी एक गोष्ट. वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर 'कॅडेट पायलट' अभ्यासक्रमाच्या जाहिराती येतात. त्यांचा एनसीसीशी काही संबंध नाही. विमान कंपन्या आणि खासगी उड्डाणशाळा मिळून ते चालवतात. त्यांचा खर्च कोटीच्या घरात जातो आणि त्यासाठी जमीन गहाण टाकली जाते. वैमानिकाच्या व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, वय किमान 18 लागतं आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्र लागतं. म्हणजे दहावीनंतर ज्या मुलाने गणित सोडलं, त्याने ही वाट स्वतःच लांबवली. हे दहावीच्या निकालानंतर कळण्यापेक्षा आठवीत कळलेलं बरं.

डोळ्यांचंही तसंच. रंगीत ठिपक्यांतले आकडे वाचायची चाचणी कोणताही नेत्रतज्ज्ञ करतो. रंगांधळेपणा असेल तर वायुदलाच्या उड्डाण शाखेचा रस्ता बंद होतो. सहा वर्षं स्वप्न वाढवून मग तो धक्का देण्यापेक्षा आताच तपासून घ्या. उड्डाण शाखेसाठी किमान उंची 162.5 सेंटिमीटर आहे, पायांच्या लांबीलाही मर्यादा आहेत. त्यात मुलाचा काही दोष नसतो. वायुदलाच्या वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. तीत नापास होणारी मुलंही भारी अभियंते, नियंत्रक, हवामानतज्ज्ञ होतात. विमान आकाशात ठेवायला जमिनीवरही कितीतरी माणसं लागतात.

मुलीच्या आईवडिलांसाठी थोडं वेगळं. 30 मे 2025 ला खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. नाशिकला मुलींसाठी सरकारी सैनिकी सेवापूर्व संस्था आहे, मुलांची छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून आहे. आपल्याकडे मुलीला एनसीसीत घालताना 'काळी पडेल, लग्न कसं होणार' हे अजूनही ऐकू येतं. मला ते ऐकून दरवेळी चीड येते. तिला मैदानात जाऊ द्या.

जूनमध्ये शाळा उघडली की मुलाला घेऊन एनसीसीच्या सरांना किंवा बाईंना भेटा. तुकडी कुठली, जागा किती, शिबिर कधी, हे त्याच्यासमोर विचारा आणि उत्तरं त्यालाच वहीत लिहायला लावा. नाव घालायचं की नाही हे त्याला ठरवू द्या. तो 'नको' म्हणाला तर ऐका.