जुन्या सायकलचे पोलाद

भाईंदर पूर्वेच्या भांड्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांना पोलाद ओळखायला कुणी शिकवावे लागत नाही. पत्रा हाती आला की चुंबक लावून ते जात सांगतात. पण जुनी सायकल घ्यायची वेळ आली की हीच माणसे रंग आणि बिल्ला पाहून भुलतात.

आमच्या शेजारी पॉलिशखात्यात काम करणारे एक काका राहतात. मुलाला स्टेशनपर्यंत जायला सायकल हवी होती. एका विक्रेत्याने "असली इंग्लिश रॅले, रेनॉल्ड्सचे पोलाद" असे सांगून साडेचार हजार मागितले. काका पगारावर उचल घ्यायला निघालेच होते. नशीब, जाताना आम्हांला सोबत नेले.

रेनॉल्ड्स ही इंग्लंडातील बर्मिंगहॅमची नळ्या बनवणारी कंपनी. तिने १९३५ साली ५३१ नावाचे पोलाद काढले. त्यात मँगनीज आणि मॉलिब्डेनम असते. ते बळकट, म्हणून नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते. पण ते लागायचे शर्यतीच्या आणि महागड्या सायकलींना. रॅलेच्या रोजच्या वापरातल्या काळ्या सायकली साध्या पोलादाच्याच; मग ती नॉटिंगहॅमची असो की आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातली. आणि स्टिकर काय, कोणीही छापून चिकटवतो!

इथे चुंबक उपयोगाचा नाही, कारण तो दोन्ही पोलादांना चिकटतो. नाण्याने वाजवून आवाजावरून जात सांगणारेही भेटतात. आमचा त्यावर विश्वास नाही. त्यापेक्षा सीट दांड्यासकट बाहेर काढावी. सीटखालची नळी बाहेरून बहुधा २८.६ मिमी असते. ५३१ च्या हलक्या सांगाड्यात २७.२ मिमीचा दांडा बसतो, म्हणजे नळीची भिंत पाऊण मिमीहूनही कमी. साध्या सायकलीत दांडा २५-२६ मिमीचा, म्हणजे भिंत जाड. शिवाय बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. पट्टी वळवून जोडलेल्या नळीत जोडाची उभी रेघ बहुधा दिसते. ५३१ ला ती नसतेच.

विक्रेता कुरकुरला, पण दांडा निघाला. तो २५.४ मिमीचा भरला आणि आत रेघही होती.

एवढ्यावरून सायकल वाईट ठरत नाही. साधे जाड पोलाद ओझे वाहते, वाकले तर सरळ करता येते, आणि पितळेचा टाका घालणारा कारागीर अजून सापडतो. खरी भीती गंजाची. आपल्याकडे खाडी आणि मिठागरांची खारी हवा. सीटच्या फटीतून पावसाचे पाणी उतरते आणि पायडलच्या धुरीपाशी साचते. म्हणून सायकल उलटी करून ठोकावी. लाल भुगा पडला तर नळी आतून खाल्ली गेली असे समजावे.

त्या सायकलीतून भुगा पडला नाही. पण हँडलच्या खालून पायडलकडे उतरणाऱ्या नळीवर बोट फिरवले, तर नव्या जाड रंगाखाली बारीक सुरकुती लागली. समोरून जोरात धडक बसल्याची ही खूण. अशी नळी त्याच जागी चिरते, आणि चिरली की स्वार तोंडावर पडतो. मुलगा त्यावरून रहदारीत जाणार होता. काकांनी सायकल तिथेच टेकवून ठेवली.

घरी जिन्याखाली त्यांच्या वडिलांची ॲटलस पडून होती. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. भंगारवाला ती किलोवर मागत होता. आम्ही सीट काढली, उलटी करून ठोकली, नळ्यांवरून बोट फिरवले. वरवर तांबूस, पण आतून कोरडी आणि सरळ. दोन टायर, ट्यूब आणि ब्रेकचे रबर एवढाच खर्च आला. मुलाला जरा उंच होते, म्हणून सीट खाली करून दिली आहे.