कुटुंबवत्सल डॉन?

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा ‘द गॉडफादर’ १९७२ साली पडद्यावर आला. अर्धशतक उलटले तरी त्याची मोहिनी ओसरलेली नाही. तिचे कारण विचारावे, तर रसिकजन ठराविक उत्तर देतात : हे कुटुंबप्रेमाचे महाकाव्य आहे!

हे उत्तर आम्हांस साफ अमान्य आहे. बहिणीच्या मुलाच्या बाप्तिस्म्यास मायकेल धर्मपिता म्हणून उभा राहतो, सैतानाचा त्याग केल्याची ग्वाही देतो, आणि त्याच वेळी त्याची माणसे प्रतिस्पर्ध्यांचे मुडदे पाडीत असतात. त्याच दिवशी त्या बालकाच्या बापाचाही गळा आवळला जातो. तोही, मी माझ्या बहिणीला विधवा करीन काय, असे त्यालाच विचारून झाल्यावर. १९७४ च्या दुसऱ्या भागात सख्ख्या भावाची पाळी येते. याला कुटुंबवात्सल्य म्हणावयाचे, तर कंसमामालाही त्याच पंक्तीस बसवावे लागेल.

मोहिनीचे खरे मूळ पहिल्याच प्रसंगात आहे. बोनासेरा हा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करणारा एक पापभीरू व्यावसायिक. त्याच्या मुलीला विद्रूप होईतो मारणाऱ्या तरुणांना न्यायालय शिक्षा सुनावते आणि लगेच ती स्थगितही करते. न्यायासाठी तो डॉन कॉर्लिओनीच्या अंधाऱ्या खोलीत येतो. कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या, तारखांमागून तारखा मोजलेल्या कोणत्या माणसाने मनातल्या मनात तेथे फेरी मारलेली नाही? कायद्याने पाठ फिरविली की एखाद्या बलवंताची आस लागते. चित्रपट टिकला तो या आशेवर. बोनासेराला मिळतो तो मात्र न्याय नव्हे, उपकार. पुढे डॉनच्या मुलाचे गोळ्यांनी चाळण झालेले प्रेत सावरून तो फेडावा लागतो.

कोपोलांचा एक दोष मात्र झाकून ठेवण्यात अर्थ नाही. डॉनच्या धंद्यापायी नागवला गेलेला सामान्य माणूस येथे जवळजवळ दिसतच नाही. मरतात ते बहुतेक त्याच धंद्यातले. प्रेक्षकाची सदसद्विवेकबुद्धी निर्धास्त राहते ती यामुळे, आणि ही सवलत आम्हांस अप्रामाणिक वाटते.

तरीही शेवट चोख आहे. आरंभी बोनासेराने डॉनच्या हाताचे चुंबन घेतलेले असते. अखेरीस मायकेलच्या हाताचे घेतले जाते, आणि ते पाहत उभ्या असलेल्या केच्या तोंडावर दार लावून घेतले जाते. ही के त्याची धर्मपत्नी आहे, एवढे तरी कुटुंबप्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.