तीन टनांची पावती

लाकडाची वखार काढायला अक्कल लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा ओली बाभूळ तोलून पाहावी. ताज्या तोडीच्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. म्हणजे बंबासाठी क्विंटलभर सरपण घेणारा गृहस्थ पाण्याचेही दाम मोजतो आणि वर धुराने डोळे चोळत बसतो. दूधवाल्याने हेच केलं तर आपण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो!

आता एखाद्या पोराने लागेल तो वाहतूक परवाना काढून, लाकूड फोडून, चार महिने वाळवून घरपोच द्यायचं ठरवलं, तर आमची बँक विचारते, "जानेवारीत दहा टन, मे महिन्यात सात. तीन टन गेलं कुठं?" अहो, सूर्याने नेलं! तो काय पावती देतो? २०१५ साली मुद्रा योजना आली, तारण नको म्हणाली. ठीक. पण स्टॉकच्या तक्त्यात 'वाळलं' असा रकानाच नाही. ओलं विकणारा मात्र कागदोपत्री चोख!

सरपण किलोवर विकणं बंद करा, घनफुटावर विका. लाकूड वाळून वजनाला उतरतं, आकाराला फारसं नाही. साहेबांना हे गणित जमत नसेल तर मी बी.कॉम. आहे, मांडून देतो.