बिघडलेला मोबाईल कोणाच्या हाती जातो?

अमरावती-अकोल्यात बिघडलेला मोबाईल शेवटी भंगारात जातो आणि तो फोडणारे हात बहुधा आपल्याच वस्त्यांतील असतात. तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणासाठी सर्किट आम्लात बुडवितात; शिसे श्वासात व मातीत उतरते. १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत मांस सोडण्याचा निर्धार करणाऱ्या समाजाने ही नवी मेलेली ढोरे का ओढावीत?

१ एप्रिल २०२३ पासून लागू असलेले ई-कचरा नियम पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकावर टाकतात. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी जुने मोबाईल, फुगलेली बॅटरी न टोचता, शाळेत जमा करावेत व शाळेने ते नोंदणीकृत केंद्राकडे पावती घेऊन पाठवावेत, असे आम्हांस वाटते. भंगारवाल्याची रोजी बुडेल, हा आक्षेप खरा आहे; संकलनाचे काम त्यालाच द्यावे, रीतसर मजुरीने.